तिच्या बाजूचं दार

१

सकाळचा चहा झाला की मी बाहेर जाऊन गाडी सुरू करतो. कुठे जायचं असो वा नसो. बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी ओढून पुसायची, परत बुडवून पाहायची, पाणी पाहायचं, आणि मग चावी फिरवून थंड इंजिन काय कुरकुरतं आहे ते कान देऊन ऐकायचं. समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ रोज खिडकीतून पाहतो. त्याने एवढ्या काळात तीन गाड्या बदलल्या, त्यामुळे मी वेडा आहे याविषयी त्याची खात्री आहे.

एवढी जुनी गाडी एवढी कशी चालली, असं लोक विचारतात. त्यांना गुपित हवं असतं. गुपित कसलं डोंबलाचं! थंड इंजिनाला पळवायचं नाही, तेल मुदतीच्या आधी बदलायचं, आणि कुठे खट्ट झालं की त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्यायची. माणसांच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो, म्हणून माणसं आधी जातात.

नोकरीत मी वजनमापं तपासायचो. दुकानादुकानांतून तराजू, वजनं, पंपांवरची मापं तपासायची आणि बरोबर निघाली की तारेत शिशाचा मणी ओवून चिमट्याने दाबून सील करायचं. गाडी त्या फिरतीसाठी घेतली, पण खरी फिरली ती बायकोबरोबर. सुट्टी आली की आम्ही निघालोच. ती शेजारच्या सीटवर ऐटीत बसायची, म्हणून मी तिला राणीसरकार म्हणायचो. सारथी तोंडाळ आहे पण स्वस्त आहे, असं ती म्हणायची.

तिचे काही कायदे होते. निघण्याआधी ती पिवळ्या फडक्याने माझी सीट पुसायची. ते फडकं तिच्या बाजूच्या दाराच्या खिशात घडी करून ठेवलेलं असे. ते दार पहिल्यांदा लावलं की नुसतं टेकायचं. थोडं उचलून दुसऱ्यांदा ओढलं की लागायचं. धप, आणि मग ठप्प. हे तिच्याशिवाय कुणाला जमलं नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे, मीटरवर गोल आकडा आला की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची. सगळे नऊ एका रांगेत आले की ती बोलणं थांबवायची आणि मीटरवर डोळे लावून बसायची. ते सगळे एकदम उचलून त्यांची शून्यं झाली की थर्मासमधला चहा निघायचा, आणि ती डॅशबोर्डवर हात फिरवून गाडीला विचारायची, "दमलीस का गं बाई?"

चालवतो मी आणि विचारपूस गाडीची. मला एकदाही विचारलं नाहीस, अशी माझी तक्रार असे. तुम्हाला विचारलं तर तुम्ही हो म्हणाल, मग घरी कोण नेणार, असं तिचं उत्तर.

पाच लाख किलोमीटर झाले की थांबायचं, असं आमचं ठरलं होतं. पाच लाखांचा चहा पिऊन गाडीला निरोप द्यायचा. चार लाखांचा चहा आम्ही प्यायलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली.

२

जुन्या गाडीचे भाग बदलावे लागतात. बदललेला जुना भाग मिस्त्री हातात आणून देतो. खरोखर बदलला याचा तो पुरावा. बाकीचे लोक तो तिथेच टाकून येतात. मी माझ्या धंद्याला जागलो. पुरावा टाकून देणं मला कधी जमलं नाही. प्रत्येक भाग मी घरी आणला.

घरात मागची खोली लेकीची. ठकी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि खोली रिकामी पडली. सुरुवातीला भाग कोपऱ्यात ढीग करून ठेवायचो. मग कुठला शॉकअॅब्सॉर्बर कुठल्या बाजूचा, कुठला दिवा पुढचा नि कुठला मागचा, यात घोळ व्हायला लागला. म्हणून एका दुपारी बसून सगळं गाडीच्या क्रमानेच फरशीवर मांडून टाकलं. खिडकीकडे पुढचे दिवे, त्यांच्या मागे रेडिएटर, मग इंजिन. इंजिन चार माणसांनी हातगाडीवरून आणलं आणि जाताना चौघांनीही माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यामागे स्टुलावर मीटर, दोन विटांच्या आधाराने उभं केलेलं स्टिअरिंग, खाली तिन्ही पेडल, मग दोन्ही सीटा शेजारी शेजारी. बाजूला दारं भिंतींना टेकून. गंजून कापून काढलेला पत्रासुद्धा तुकड्यातुकड्याने जागच्या जागी. आरसाही होता, तो विजेच्या तारेने छताच्या हुकाला लटकावला, कारण तो फरशीवर ठेवला तर पाय पडून फुटला असता.

गेल्या खेपेला ठकी आली तेव्हा दारातच थांबली. फरशीवरच्या पसाऱ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, मी झोपू कुठे? माझ्या खोलीत गाडी झोपली आहे."

त्या रात्री ती बैठकीत झोपली. सकाळी तिने विषय काढला. तिच्याकडे राहायला चला म्हणून ती फोनवरून नेहमी सांगायची, पण ते उंटावरून शेळ्या हाकणं होतं. या वेळी समोर बसून, माझा हात धरून बोलली. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी कमी आणि गाडीशी जास्त बोलता, असं म्हणाली. ते खरंच होतं. गाडीत मी एकटा असलो की शेजारच्या सीटशी बोलायचो, आणि कुणीतरी ऐकतं आहे असं मला वाटायचं. दुसऱ्या कुठे तसं वाटत नव्हतं.

शेवटी तोड निघाली. पाच लाख होऊ देत, मग गाडी भंगारात देईन आणि तुझ्याकडे येईन. फार राहिले नव्हते. ठकीने माझ्याकडून शब्द घेतला आणि गेली.

३

मधल्या काळात मूळचं मीटर बंद पडलं होतं. बायको गेली त्याच वर्षी. मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचं मीटर बसवून दिलं, आणि तेव्हापासून मी जुना आकडा अधिक नवा आकडा अशी बेरीज डोक्यात ठेवतो. जुनं मीटर बंद पडताना शेवटचा आकडा मधेच अडकला होता. वर सात गेलेला, खाली आठ येऊ घातलेला. अर्धा सात, अर्धा आठ. असा अडकलेला आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाच्या डोळ्यांना खुपतो, म्हणून तो माझ्या पक्का लक्षात होता.

ठकी परत गेल्यावर मी खोली झाडायला घेतली. स्टुलावरची धूळ पुसली आणि मीटरच्या काचेवरून फडकं फिरवलं. आठ होता. अख्खा, सरळ, मधोमध.

हादऱ्याने बसला असेल, असं म्हटलं. बाहेर अवजड गाड्या जातात, भांडीसुद्धा वाजतात. फडकं फिरवताना धक्का लागला असेल. पन्नास कारणं असतात. मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि दृष्टीआड सृष्टी केली.

त्यानंतर काही दिवसांनी टायर काढायला आत गेलो तेव्हा शेवटी तीन होता. त्याच्या डावीकडचा आकडाही बदललेला होता.

मिस्त्रीशी माझी जुनी ओळख. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की सुटं पडलेलं मीटर आपोआप पुढे जाऊ शकतं का. तो गाडीखाली होता. खालूनच म्हणाला, "केबल फिरली तर मीटर फिरतं साहेब, आणि चाक फिरलं तर केबल. चाकाला रस्ता लागतो."

म्हणजे म्हातारपण. दुसरं काय असणार? मला सात आठवतो आणि होता दुसराच काही. मी हे मान्य केलं, आणि त्या दिवशी जेवताना मला आढळलं की माझी भूक मेली आहे. ताट तसंच सरकवून ठेवलं.

४

आयुष्यभर मी लोकांना एक गोष्ट सांगत आलो. काटा खोटं बोलत नाही, काट्यामागचा माणूस बोलतो. आता काट्यामागे माणूस म्हणजे मीच. तेव्हा आधी मलाच बाद करायला हवं होतं.

सीलचा चिमटा मी निवृत्तीनंतर परत केला होता, पण एक जुना, झिजलेला घरी राहिला होता. तो शोधून काढला. मीटर एका डब्यात ठेवलं, डब्याला तार गुंडाळली, तारेच्या दोन्ही टोकांत शिशाचा मणी ओवला आणि दाबला. त्याआधी आकडा मोठ्याने वाचला, शिरस्त्याप्रमाणे. रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून ओशाळलो. पूर्वी आकडा वाचला की दुकानदार मान डोलवायचा. इथे मान डोलवायला कुणी नव्हतं.

मग मी गाडी घेऊन बाजारात गेलो, किराणा आणला, वाटेत शेजारच्या सीटला सगळी हकिकत सांगितली. त्या दिवशी गाडीत कुणी ऐकत नाहीसं वाटलं. हे आधीही हळूहळू होत होतं. सीटा बदलल्या तेव्हापासून शेजारची जागा जराशी बधिर झाली होती. तरी दार तिचंच होतं. वळणावर ते जरा खुळखुळायचं आणि मला तेवढं पुरायचं.

दोन-चार दिवसांनी डबा उघडला. सील शाबूत होतं. मणी हातात घेऊन, भिंगाखाली धरून पाहिला. त्याला कुणी नखसुद्धा लावलेलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकतो. अशा साक्षी मी पुष्कळ दिल्या आहेत.

मीटर दूरवर जाऊन आलं होतं.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तरीही मनाचा एक कोपरा नोकरीवरच होता, आणि तो हिशोब करत होता की एवढं अंतर जायला किती वेळ लागला असेल, आणि वाटेत पेट्रोल कुठे भरलं असेल.

५

आवाज नेहमी दुपारीच यायचा. जेवून मी बैठकीत आराम खुर्चीत कलंडतो. झोप आणि जाग यांच्या सीमेवर असलो की मागून ऐकू यायचं, टक-टक, टक-टक. बरेच दिवस मी स्वयंपाकघरातल्या नळाला दोष दिला. वायसर बदलला. एका दुपारी डोळे मिटूनच ठोके मोजत पडलो. नळाचं पाणी असं एका मापाने पडत नाही. तो गाडीच्या इंडिकेटरचा आवाज होता. कुणीतरी वळायचं म्हणून खूण दिली होती आणि समोरून येणाऱ्या गाड्या जाण्याची वाट पाहत होतं.

मी उठलो तसा थांबला. खोलीचं दार उघडलं तर सगळं जागच्या जागी, उन्हात, गप्प. फक्त हवा गरम होती. लांबून आलेली गाडी सावलीत लावली की बॉनेटवर जशी असते तशी. इंजिनाचा तो लोखंडी ठोकळा, ज्यात कित्येक वर्षं तेलाचा थेंब नाही, अधूनमधून बारीक टिचत होता. निवणारं लोखंड टिचतं. मी ते रोज बाहेर ऐकतो, मला ओळख करून द्यायला नको.

पुढच्या दिव्यांच्या काचांवर चिलटं चिकटून मेली होती. ओली होती अजून.

सगळ्यात जास्त मी सीटांकडे पाहत राहिलो. माझी जुनी सीट धुळीने माखलेली होती. बोट ओढलं तर रेघ उठत होती. तिच्या सीटवर कणभर धूळ नव्हती. मधोमध थोडी दबलेली होती, आणि दबलेला फोम माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होता.

चालवणाऱ्याच्या जागेवर कुणी नव्हतंच. ती नुसती शेजारी बसून फिरत होती.

भीती वाटली, हे खोटं कशाला सांगू. पण भीतीच्याही आधी दुसरंच काहीतरी वाटलं, ते कबूल करायला जास्त जड जातं. मला राग आला. मला सोडून ही कुठे कुठे जाऊन येते आणि मी इथे नळाचे वायसर बदलत बसतो.

संध्याकाळी ठकीचा फोन आला. आवाज खोल का गेला आहे, असं तिने विचारलं. सर्दी आहे म्हणालो. दुसरं काय सांगणार? तुझी आई खोलीत आहे आणि मला न घेता फिरते आहे, असं लेकीला सांगितलं असतं तर ती पाच लाखांची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी डॉक्टर घेऊन आली असती.

६

मग गाडीची सरकारी तपासणी आली. तपासनीसाने चहूबाजूंनी फिरून तिच्या बाजूच्या दाराला हात लावला आणि दार त्याच्या हातात लोंबलं. बिजागरीजवळचा पत्रा गंजाने खाल्ला होता. हे बदला, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, असं त्याने सांगितलं. त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं, त्याहून खडूसपणे.

पाच लाखांना आता थोडेच किलोमीटर उरले होते. दार बदललं नाही तर ते कधीच होणार नव्हते. बदललं तर गाडीत तिचं काही उरणार नव्हतं. मिस्त्रीला मी डागडुजी करायला सांगून पाहिलं. त्याने पत्र्याला टोचा मारला, टोचा आरपार गेला. शेवटी मी मान हलवली.

नवं दार बसलं. म्हणजे भंगारातलं, दुसऱ्या रंगाचं, पण धड. एका दणक्यात लागायचं. जुनं दार मिस्त्रीने पोत्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवून दिलं आणि हात पुसत हसला. "झालं साहेब. आता या गाडीत मूळचे म्हणाल तर तुम्ही एकटेच राहिलात."

मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू ओसरलं होतं.

दार खोलीत नेलं. भिंतीला त्याच्या जागी, तिच्या सीटशेजारी, दाराएवढीच जागा रिकामी होती. मी कधीतरी तशी सोडली होती. टेकवलं. खिशात हात घालून पाहिला. पिवळं फडकं आतच होतं, तिने घातलेल्या घडीत. मी ते काढलं नाही. पुष्कळ वर्षं काढलं नव्हतं.

बाहेर आलो, खोलीच्या दाराला कडी घातली आणि स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायच्या आत मागून आवाज आला.

धप.

मी गॅस बंद केला. भिंतीला टेकलेलं दार घसरून पडलं असेल, असं मनात मी वाक्य तयार करत होतो. ते पुरं व्हायच्या आत दुसरा आवाज आला. ठप्प.

७

ठकीला फोन करून सांगितलं की उद्या पाच लाख होतील, तू परवा ये. ती फोनवर रडली. हसत रडली. तिने म्हणे माझी खोली कधीच लावून ठेवली आहे, खिडकीतून झाड दिसतं. भंगारवाल्यालाही मी परवाचीच वेळ दिली. बाहेरची गाडी आणि आतला पसारा, सगळंच घेऊन जा म्हणून सांगितलं. त्याने दोन टेंपो लागतील म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास भरला, दोन कप घेतले आणि निघालो. शहराबाहेरचा मोठा रस्ता धरला. गाडी गुणी बाळासारखी चालत होती. कुठे खुळखुळ नाही, कुठे कुरकुर नाही. इतक्या वर्षांत एवढी शांत ती कधीच चालली नव्हती, आणि मला ती शांतता सोसवेना. शेजारच्या सीटकडे पाहून दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. परक्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटत होतं. परक्याचीच होती. इंजिन परकं, सीटा परक्या, दार परकं. मीच तुकड्यातुकड्याने ती घरी नेऊन ठेवली होती आणि इथे तिचा नुसता आकार चालवत होतो.

बेरीज पुरी झाली तेव्हा कडेला घेतली. पाच लाख. मीटरवर तसं काही दिसत नव्हतं, तिथे भलताच आकडा होता. पाच लाख फक्त माझ्या डोक्यात होते. दोन कपांत चहा ओतला. एक डॅशबोर्डवर ठेवला. डॅशबोर्डवर हात फिरवून पाहिला, पण विचारायचे ते शब्द तोंडातून आले नाहीत. कुणाला विचारायचं?

गाड्या सूं सूं करत जात होत्या. माझा चहा मी प्यायलो. दुसरा निवत गेला आणि त्यावर साय धरली. मी तो रस्त्याच्या कडेला ओतून दिला. आयुष्यात एवढं एकटं मला तिच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान माणसं होती.

घरी आलो तो थेट खोलीत गेलो. डबा कधीच काढून टाकला होता, मीटर स्टुलावर उघडंच होतं. चाराच्या पुढे सगळे नऊ. एका रांगेत, तंतोतंत सरळ, स्तब्ध. पुढे जायचे थांबले होते.

आणि माझी सीट पुसलेली होती. धुळीचा कण नव्हता. पिवळं फडकं घडी करून सीटच्या पाठीवर टाकलेलं होतं.

८

आज सकाळी चहा झाल्यावर मी बाहेरच्या गाडीकडे गेलो नाही. बॅग भरून बैठकीत ठेवली आहे. औषधं, चष्मा, दोन स्वेटर, तिचा एक फोटो. ठकी पोचायला अवकाश होता. मला तिच्याकडे जायचं आहे. हे मी मनापासून सांगतो. झाड दिसणाऱ्या खिडकीचा विचार मी सकाळपासून करतो आहे.

फक्त भंगारवाला यायच्या आधी एकदा बसून पाहावं, एवढंच मनात आलं. फरशीवर ठेवलेली सीट ती. तिला ना चाक जोडलेलं ना इंजिन. खोलीच्या दारातून एकावेळी एक माणूस जेमतेम जातो, गाडी काय जाणार? वजनमापांचा निरीक्षक होतो मी. या सगळ्याची मला पूर्ण जाणीव होती.

बसलो. सीटने मला ओळखलं. गुडघे जिथे यायचे तिथेच आले, हात स्टिअरिंगवर जिथे झिजलं आहे तिथेच पडले. पेडलवर पाय ठेवला तर ते सैल नव्हतं. त्याला ताण होता.

ठकीच्या गाडीचा आवाज बाहेर आला. फाटक वाजलं. मला बरं वाटलं. उठावं म्हणून मान वर केली आणि सहज, सवयीने, वर लटकणाऱ्या आरशात पाहिलं. मागच्या भिंतीवर ठकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला तिची आई तिला तिथे उभी करायची. त्या मला दिसायला हव्या होत्या.

आरशात भिंत नव्हती. मागे जाणारा रस्ता होता, दोन्ही बाजूंना ऊन, आणि तो वेगाने लहान होत चालला होता.

शेजारी मी पाहिलं नाही. मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक हात तेवढा दिसला, मांडीवर ठेवलेला, आणि त्याचं एक बोट मीटरकडे वळलेलं होतं. नऊ उचलायला लागले होते. सगळे एकदम.

"बाबा," ठकीने बाहेरून हाक मारली. मग बेल वाजली. मग पुन्हा, जरा घाबरून, "बाबा, दार उघडा ना."

मला उठायचं होतं. ओ द्यायला मी तोंडही उघडलं. तेवढ्यात शेजारून, अगदी हळू, जे तिने सबंध जन्मात मला एकदाही विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"दमलात का हो?"

आणि मी हो म्हणालो.